परदेशी टीनएज मालिका: वय उलटून गेल्यावरही का बघाव्याशा वाटतात?

टीपकागद

गेली काही वर्षं माझं टीव्ही बघणं जवळजवळ एकाच प्रकारावर येऊन थांबलंय: परदेशातल्या शाळा-कॉलेजच्या वयातल्या मुलामुलींच्या मालिका. खून, राजकारण, ड्रॅगन हे सगळं बघून झालं. दोन-चार भाग बरे वाटतात, मग पुढे काय झालं याची ओढच राहत नाही. पण सोळा वर्षांची मुलगी, तिची आई, एक जिवाभावाची मैत्रीण आणि एक न सांगितलेली गोष्ट एवढं समोर आलं की मी रात्री साडेबारापर्यंत जागी. मी स्वतः चाळिशी ओलांडलेली, माझी मुलगी अकरावीत.

सुरुवात झाली 'गिलमोर गर्ल्स'पासून (२००० ते २००७, सात सीझन). कनेक्टिकटमधलं स्टार्स हॉलो नावाचं काल्पनिक गाव. लोरलाय सोळाव्या वर्षी आई झाली, श्रीमंत आईवडलांचं घर सोडलं, एका छोट्या हॉटेलात खोल्या साफ करण्यापासून सुरुवात करून मुलीला वाढवलं. आता मुलगी रोरी सोळाची झालीय. तिला एका नामांकित खाजगी शाळेत प्रवेश मिळतो, पण फी भरायला पैसे नाहीत. लोरलाय नाइलाजाने आईवडलांकडे जाते. आई पैसे देते आणि अट घालते, दर शुक्रवारी रात्री दोघींनी जेवायला यायचं.

अख्खी मालिका या एका अटीवर उभी आहे. त्या जेवणाच्या टेबलावर तीन पिढ्या बसतात, आणि कुणीच खलनायिका नाही. आजीला वाटतं, मुलीने आपल्याला आयुष्यातून वजा केलं, आणि ते खरंच आहे. लोरलायला वाटतं, इथे माझा श्वास कोंडत होता, तेही खरं. मधे रोरी, जिला दोघीही हव्यात. आजी नातीला काही देऊ करते तेव्हा लोरलायच्या चेहऱ्यावर आनंद आणि धास्ती एकाच वेळी दिसते. हे मी आमच्या घरात पाहिलंय, माझ्या आईच्या घरात पाहिलंय, पण पडद्यावर इतक्या बारकाईने आधी पाहिलं नव्हतं.

आपल्याकडच्या मालिकांवर माझा राग नाही. सासूबाई साडेसातपासून बघतात, मीही कणीक मळता मळता ऐकते. पण त्यांत एक वय पार गायब आहे. मुलगी शाळेत असते, मग लीप येतो आणि ती थेट बोहल्यावर. मधली सहा-सात वर्षं, जेव्हा माणूस घडतं, तीच गाळलेली. त्या वयातलं दुःख आपण 'होतं असं या वयात' म्हणून उडवून लावतो. या परदेशी मालिका ते उडवून लावत नाहीत. मैत्रीण बोलेनाशी झाली तर अख्खा भाग त्यावर खर्च करतात, कारण सोळाव्या वर्षी तेवढं मोठंच असतं ते. माझ्या मते ओढ आहे ती याची.

तुम्ही कुणी बघता का अशा मालिका? काय आवडतं, काय खटकतं, मोकळेपणी लिहा.

गच्चीवरून

उत्तम विषय. माझी गोष्ट तुमच्या आधीची. केबल नुकती आली होती आणि स्टार प्लस तेव्हा इंग्रजी वाहिनी होती, हे आजच्या मुलांना सांगितलं तर पटत नाही. त्या काळात 'द वंडर इयर्स' बघितली. १९८८ ते १९९३ ची मालिका, पण कथा १९६८ ते १९७३ ची. केविन अर्नोल्ड नावाचा बारा-तेरा वर्षांचा मुलगा, आणि मोठा झालेला केविन मागून आपली गोष्ट सांगतोय.

पहिल्याच भागात शेजारच्या विनीचा भाऊ व्हिएतनाममध्ये मारला जातो. तिथे मी हललो. पण मनात कायमचा बसलेला भाग दुसराच. केविनचे वडील रोज ऑफिसमधून चिडून येतात, कुणाशी बोलत नाहीत. हे करतात तरी काय, म्हणून एक दिवस केविन त्यांच्याबरोबर ऑफिसला जातो. सुरुवातीला त्याला फार भारी वाटतं, मोठं टेबल, लोक वडलांना विचारायला येतात. वडील सांगतात, लहानपणी मला जहाजाचा कप्तान व्हायचं होतं, ताऱ्यांवरून वाट काढणारा. आणि मग त्याच ऑफिसात वडलांचा साहेब येऊन त्यांना मुलादेखत झापतो. वडील ऐकून घेतात. रात्री ते अंगणात दुर्बिणीतून आकाश बघत असतात, ते रोजचंच, पण आता केविनला कळतं की ते काय बघतात.

माझे वडील मिलमध्ये होते. यापुढे लिहीत नाही, समजून घ्या. एवढंच सांगतो, अमेरिकेतल्या एका गोऱ्या मुलाने मला माझ्या बापाकडे बघायला शिकवलं.

माधुकरी

+१ टीपकागद. 'गिलमोर गर्ल्स' दोनदा बघून झाली, २०१६ ची चार भागांची पुढची मालिकाही. त्यातला ल्यूक आणि त्याचं डायनर हे माझं हक्काचं ठिकाण आहे. ऑफिसातून घरी आले की मला नवीन काही नकोच असतं, ओळखीची माणसं हवी असतात. स्वयंपाकघरात डब्याला टेकवून फोन ठेवते आणि एकीकडे पोळ्या. संवाद इतके भरभर आहेत की पहिल्या वेळी निम्मे निसटले, सबटायटल्स लावून दुसऱ्यांदा बघितली तेव्हा खरी गंमत कळली.

तळेगावचा

मला या मालिकांबद्दल गंभीर आक्षेप आहेत, स्पष्टच लिहितो.

एक तर सोळा वर्षांची म्हणून जी मुलं दाखवतात ती पंचविशीची असतात. त्वचेवर एक पुटकुळी नाही, केस जागच्या जागी. खऱ्या सोळा वर्षांच्या मुलामुलींनी ते बघायचं आणि आरशात स्वतःकडे बघायचं, काय वाटेल त्यांना? दुसरं, 'गॉसिप गर्ल', 'द ओ.सी.' या सगळ्यांत बंगले, पार्ट्या, दारू. अभ्यास कुणीच करत नाही आणि तरी सगळ्यांना चांगल्या विद्यापीठात प्रवेश मिळतो. माझा मुलगा दहावीत आहे. तो मला विचारतो, तिथे सोळाव्या वर्षी गाडी मिळते, मला साधी गिअरची मोटारसायकलसुद्धा का नाही? मुलांच्या मनात एक खोटं जग तयार होतं आणि त्याची उत्तरं आईबापांना द्यावी लागतात.

मोठ्यांनी बघायला हरकत नाही. पण 'त्या वयाला न्याय देतात' हे मला मान्य नाही. त्या वयाची जाहिरात करतात.

टीपकागद

@तळेगावचा, वयाचा मुद्दा शंभर टक्के मान्य. 'बेव्हर्ली हिल्स, ९०२१०' १९९० मध्ये सुरू झाली तेव्हा अँड्रिया झालेली गॅब्रिएल कार्टेरिस २९ वर्षांची होती आणि भूमिका शाळकरी मुलीची. त्यामागे व्यवहार आहे. अल्पवयीन कलाकारांना दिवसाला किती तास काम करता येतं यावर तिथे कायद्याचं बंधन असतं, शिवाय सेटवर त्यांच्या शिक्षणाची सोय करावी लागते. निर्मात्याला सज्ञान नट स्वस्त पडतो. पण सगळेच असं करत नाहीत. 'माय सो-कॉल्ड लाइफ'मधली क्लेअर डेन्स खरोखरच त्या वयाची होती, आणि ते तिच्या चालण्याबोलण्यात दिसतं. १९९४-९५ मध्ये १९ भाग होऊन मालिका बंद पडली, याचं मला अजून वाईट वाटतं. कॅनडाच्या 'डिग्रासी'ने तर पहिल्यापासून खऱ्या वयाची मुलं घेतली.

'गॉसिप गर्ल' मलाही झेपली नाही. पण सगळं एका मापाने मोजू नका. 'फ्रायडे नाइट लाइट्स' बघा अशी मनापासून विनंती करते (२००६ ते २०११). टेक्सासमधलं डिलन नावाचं काल्पनिक गाव, जिथे शाळेच्या फुटबॉल संघावर सगळ्या गावाचा जीव टांगलेला. तिथे बंगले नाहीत. एका मुलाचा बाप इराकमध्ये आहे आणि तो मुलगा घरात एकटा, विसरभोळ्या आजीला सांभाळतोय. शाळा, सराव, शिवाय एका खाण्याच्या दुकानात नोकरी.

त्यातला एक प्रसंग लिहिते, कारण माझं म्हणणं त्यात सगळं आहे. संघाच्या कोच टेलरची मुलगी ज्युली आणि तो आजीला सांभाळणारा मुलगा यांचे शारीरिक संबंध आलेत हे घरी कळतं. आई टॅमी मुलीच्या खोलीत येऊन पलंगावर बसते. ती ओरडत नाही. तुझं त्याच्यावर प्रेम आहे का, त्याचं तुझ्यावर आहे का, काळजी घेताय ना, असं एकेक विचारते. प्रत्येक प्रश्नाला तिचा आवाज थोडा फाटतो. एकदा झालं म्हणून पुढच्या वेळी हो म्हणायलाच हवं असं काही नसतं, हेही सांगते. मुलगी विचारते, तू का रडतेस? आईला वाटतं की अजून थांबायला हवं होतं, आणि ते ती लपवत नाही. पण मुलीने आपल्याशी बोलणं बंद करू नये, हे तिला त्याहून मोठं वाटतं.

मी तो प्रसंग थांबवून पुन्हा पाहिला. मला स्वतःला असं बोलता येईल का, हे मी त्या रात्री स्वतःला विचारलं. ही जाहिरात नाही हो.

ओस्लोकर

इथे नॉर्वेतून लिहितोय, त्यामुळे 'स्काम'बद्दल सांगायलाच हवं. तळेगावचा यांच्या आक्षेपाला माझ्या माहितीतलं सगळ्यात चांगलं उत्तर ही मालिका आहे.

२०१५ ते २०१७, चार सीझन, एनआरके म्हणजे इथली सरकारी प्रसारण संस्था. आपल्या दूरदर्शनने कॉलेजच्या मुलांवर मालिका काढावी तसं. निर्मिती करण्याआधी लेखिका-दिग्दर्शिका युली आंदेम आणि तिच्या चमूने देशभरातल्या मुलामुलींशी लांबलचक गप्पा मारल्या, कारण मालिका मुख्यतः सोळा वर्षांच्या मुलींसाठी होती. मग प्रकाशित करण्याची पद्धत बघा. पात्रं मंगळवारी सकाळी वर्गात भांडली तर ती क्लिप मंगळवारी सकाळी त्याच वेळेला संकेतस्थळावर यायची. आठवडाभराच्या क्लिप्स जोडून शुक्रवारी भाग. पात्रांची इन्स्टाग्राम खातीही चालू असायची. आणि एनआरकेने मुद्दाम गाजावाजा केला नाही, मुलांनीच ती शोधावी, आईबाप मधे येऊ नयेत म्हणून.

दर सीझनला नायक वेगळा. पहिल्यात एव्हा, मग नूरा, मग इसाक, शेवटी सना. इसाकला स्वतःला मुलगे आवडतात हे मान्य करायला जो वेळ लागतो तो वेळ मालिका देते. सना मुस्लिम घरातली, हिजाब घालणारी, तिच्या सीझनमध्ये रोजचे नमाज आणि रोजच्या पार्ट्या यांच्यात ती कशी वावरते ते आहे. परक्या देशात मुलगी वाढवणारा बाप म्हणून तो सीझन मी फार लक्ष देऊन पाहिला. सनाला कुणी उपदेश करत नाही, आणि तिच्या श्रद्धेला कुणी मागासलेपण म्हणून निकालात काढत नाही. माझी मुलगी घरी मराठी बोलते, शाळेत नॉर्वेजियन, आणि दोन्हीकडे तिला थोडं कमीच पडल्यासारखं वाटतं. सना बघून ती पहिल्यांदा म्हणाली, "बाबा, हे माझ्यासारखं आहे."

त्वचेचा मुद्दा: 'स्काम'मध्ये पुटकुळ्या दिसतात. मेकअप जवळजवळ नाहीच.

सांजवेळ

नमस्कार, मी एकोणीस वर्षांची आहे, म्हणजे या चर्चेत ज्यांच्याबद्दल बोलणं चाललंय त्यांच्यातली. म्हणून लिहिते.

@तळेगावचा काका, आम्हाला ते जग खोटं आहे हे कळतं. बंगला आणि गाडी बघून मला हेवा वाटत नाही. हेवा वाटतो तो वेळेचा. त्या मुली शाळा सुटल्यावर कुठेतरी बसतात, रेंगाळतात, काहीही न करता. माझी अकरावी-बारावी सकाळी कॉलेज, दुपारी क्लास, संध्याकाळी टेस्ट सिरीज अशी गेली. मैत्रिणींशी गप्पा झाल्या त्या क्लासच्या जिन्यात आणि बसस्टॉपवर. आमच्या वयाची गोष्ट सांगायची तर आपल्याकडे 'कोटा फॅक्टरी' आहे, आणि ती चांगलीच आहे, पण तिथेही आम्ही परीक्षेलाच बसलेले.

माझी सगळ्यात आवडती 'डेरी गर्ल्स' (२०१८ ते २०२२). उत्तर आयर्लंडमधलं डेरी, नव्वदचं दशक, रस्त्यावर सैनिक, पुलावर बॉम्ब ठेवलाय म्हणून शाळेला जायला उशीर. आणि या चार मुली आणि एक मुलगा आपल्याच भानगडींत. एक जण पकडली जाण्याच्या भीतीने सतत थरथरत असते, ती मीच. इतिहास घडतोय याचं भान त्यांना नसतं, कारण त्यांना परीक्षेचं आणि एखाद्या मुलाचं टेन्शन आहे. शेवटच्या भागात, तिथला हा हिंसक संघर्ष संपवण्यासाठी झालेल्या १९९८ च्या गुड फ्रायडे करारावर मतदान असतं. एरिन आजोबांना विचारते, हे सगळं करूनही फुकट गेलं तर? आजोबा म्हणतात, आणि नाही गेलं तर? यापुढे कुणाला मरावं लागलं नाही तर? मग ती सगळी पहिल्यांदा मतदान करतात. ज्या वर्षी मी हा भाग बघितला त्याच वर्षी मी स्वतः मतदार यादीत नाव घालायचा फॉर्म भरला होता. हसून हसून पोट दुखलेल्या मालिकेत मी शेवटी ढसाढसा रडले.

आम्ही हे एकटे बघतो, फोनवर, हेडफोन लावून. आई शेजारी बसून बघत असती तर तिला सांगायला सोपं गेलं असतं असं खूपदा वाटतं. टीपकागद ताई, तुमच्या मुलीचा हेवा वाटतो.

कोयनाकाठ

युरोप-अमेरिकेच्या बाहेर पण बघा की. कोरियाची 'रिप्लाय १९८८' (२०१५-१६, वीस भाग) ही आमच्या घरात आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांनी बघितलेली एकमेव परदेशी मालिका.

सोलमधली एक गल्ली, पाच कुटुंबं, पाच मित्र. पहिल्याच भागात संध्याकाळी एक आई मुलाला सांगते, ही भाजी शेजारी देऊन ये. शेजारीण रिकामं भांडं परत पाठवत नाही, तिच्याकडचं काहीतरी घालून देते. मुलं गल्लीभर ताटल्या घेऊन पळतायत, आणि शेवटी प्रत्येकाच्या घरी पूर्ण जेवण तयार. आमची आजी म्हणाली, "हे आपल्या चाळीतलंच की गं." तिला सबटायटल्स वाचता येत नाहीत, मी शेजारी बसून सांगायचे, पण तो प्रसंग सांगावा लागला नाही.

नायिका डॉकसन मधली मुलगी. मोठी हुशार, धाकटा मुलगा म्हणून लाडका, हिच्याकडे कुणाचं लक्ष नाही. वाढदिवसही मोठ्या बहिणीच्या केकवर मेणबत्त्या पुन्हा लावून उरकलेला. ती भडकते तेव्हा तिचे वडील बाहेर येऊन तिच्याजवळ बसतात आणि सांगतात, बाबाही पहिल्यांदाच बाबा झालाय, त्याला सगळं येत नाही. मी तीन भावंडांतली मधली आहे. माझ्या वडलांनीही तो भाग बघितला. काही बोलले नाहीत, पण पुढच्या वाढदिवसाला स्वतः जाऊन केक घेऊन आले.

मालिकेत डॉकसनच्या वडलांनी मित्राच्या कर्जाला जामीन राहून घर घालवलंय, म्हणून कुटुंब अर्धवट तळघरात राहतं. जामीन राहण्याची ती गोष्ट आमच्या सांगली-कराडकडे कुणाला समजावून सांगावी लागत नाही.

निळीशाई

टीव्हीच्या जाहिरातींच्या धंद्यात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून 'आपल्याकडे हे वय का गायब' यावर थोडं.

अमेरिकेत १९९५ मध्ये डब्ल्यूबी नावाची नवी वाहिनी निघाली. मोठ्या वाहिन्यांशी सगळ्या वयोगटांत टक्कर देणं शक्य नव्हतं, म्हणून तिने तरुण प्रेक्षक धरला. 'डॉसन्स क्रीक' तिथली, 'गिलमोर गर्ल्स'ही तिथलीच. आणि 'गिलमोर गर्ल्स'ची संहिता लिहायला पैसा कुठून आला? प्रॉक्टर अँड गँबलसारख्या मोठ्या जाहिरातदार कंपन्यांनी एकत्र येऊन, सगळ्या घराला मिळून बघता येतील अशा मालिकांसाठी निधी उभा केला होता, त्यातून. म्हणजे साबणवाल्यांचा पैसा तिथेही आहे, इथेही आहे. फरक प्रेक्षकाच्या गणितात. आपल्याकडे घरात टीव्ही एक, आणि संध्याकाळचा रिमोट घर चालवणाऱ्या बाईच्या हाती. जाहिरातदार तिच्याशी बोलतो, म्हणून गोष्टही तिचीच, लग्नानंतरची.

आपल्याकडे प्रयत्न झालेच नाहीत असं नाही. १९९८ मध्ये झी टीव्हीवर 'हिप हिप हुर्रे' आली, एका शाळेतल्या बारावीच्या मुलांची. २००४ मध्ये स्टार वनवर 'रीमिक्स', जी मुळात अर्जेंटिनाच्या 'रेबेल्दे वे'वरून घेतलेली. दोन्ही लोकांना अजून आठवतात. म्हणजे प्रेक्षक होता. मराठीत मात्र त्या वयावर सातत्याने मालिका काढायची हिंमत वाहिन्यांनी केलेली नाही, आणि ओटीटीवर तो रिमोटचा अडथळा उरलेला नसताना हे मला अक्षम्य वाटतं. तेरा ते एकोणीस वयाची मराठी मुलं आहेत, त्यांच्या हातात फोन आहे, आणि त्यांच्या भाषेत त्यांना बघायला काही नाही.

माधुकरी

निळीशाई, शेवटच्या वाक्याला जोरदार अनुमोदन.

एक व्यावहारिक प्रश्न. भाची तेरा वर्षांची आहे, सुट्टीत माझ्याकडे येतेय. तिच्याबरोबर काय बघता येईल? 'सेक्स एज्युकेशन'चं नाव सगळीकडे ऐकते.

टीपकागद

'सेक्स एज्युकेशन' (२०१९ ते २०२३) उत्कृष्ट आहे, पण ती प्रौढांसाठीच्या वर्गात आहे आणि पहिल्याच मिनिटाला का ते कळतं. तू एकटी बघ. २०२१ च्या नियमांनंतर ओटीटीवर प्रत्येक मालिकेला वयाचा वर्ग द्यावा लागतो, यू/ए १३+, यू/ए १६+ असा, तो सुरुवातीला कोपऱ्यात दिसतो. माझा अनुभव असा की तो वर्ग बघावा, आणि पहिला भाग आपण आधी एकटीने बघावा. तेराव्या वर्षी 'गिलमोर गर्ल्स' बिनधास्त. 'रिप्लाय १९८८' पण चालेल, फक्त एकेक भाग दीड तासाचा आहे, जेवणं आधी उरकून घ्या.

आम्ही मायलेकी शनिवारी दुपारी बघतो. माझा एक नियम आहे, तो मीच मला घातलाय: भाग संपल्यावर 'बघ, यातून काय शिकलीस' असं विचारायचं नाही. विचारलं की ती उठून जाते. काही न बोलता भांडी आवरायला घेतली की दहा मिनिटांनी ती ओट्याशी येऊन स्वतःच म्हणते, "आई, आमच्या वर्गात पण एक मुलगी आहे ना..." मग मी नळ बंद करते आणि ऐकते.

@सांजवेळ, आईला 'डेरी गर्ल्स' लावून दे. एरिनच्या आईचं धुण्याच्या मशीनवरचं प्रेम बघितलं की ती हलणार नाही तिथून.

तळेगावचा

सगळे प्रतिसाद वाचले. दारू आणि पार्ट्यांबद्दलचं माझं मत तेच आहे, आणि मुलगा एकटा फोनवर बघतो याची काळजीही तशीच आहे. पण सांजवेळने वेळेबद्दल लिहिलंय ते मनाला लागलं. आमच्या मुलाचाही क्लास साडेआठला सुटतो.

'फ्रायडे नाइट लाइट्स' त्याच्याबरोबर बघावी म्हणतो. त्याला खेळाचं वेड आहे. फक्त ते अमेरिकन फुटबॉल आम्हा दोघांनाही ओ की ठो कळत नाही, अडेल का?

टीपकागद

अजिबात नाही. चेंडू घेऊन पलीकडच्या रेषेपार जायचं आणि दहा यार्डांसाठी चार संधी मिळतात, एवढं पुरे. सामना प्रत्येक भागात थोडाच असतो, बाकी घरं आणि माणसं. तेही पार्ट्या दाखवतात, पण दुसऱ्या दिवशीची सकाळही दाखवतात. वर मी लिहिलेला प्रसंग तिसऱ्या सीझनमध्ये येतो, तोवर तुमचा मुलगा आणि तुम्ही दोघंही त्या घरात रुळलेले असाल.

एकच सूचना. दुसऱ्या सीझनमध्ये एक खुनाचं उपकथानक घुसवलंय, ते मालिकेला शोभत नाही. त्यातच लेखकांच्या संपामुळे तो सीझन १५ भागांवर तुटला. तिथे सोडून देऊ नका, तिसऱ्यापासून गाडी पूर्ण रुळावर येते, आणि चौथा सीझन तर पहिल्याच्या तोडीचा आहे.